शेवाळाचे विष आणि शुक्रपेशी : बडोद्यातील नवख्या संशोधकांसाठी

बडोद्यात जीवरसायन किंवा प्राणिशास्त्र शिकून शेवाळाच्या विषाचा शुक्रपेशींवर होणारा परिणाम या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रथम एवढेच सांगतो की सूरसागर तलाव असो वा आजवा जलाशय, पाण्यावर हिरवी साय दिसली म्हणजे विष आहेच असे धरून चालू नये. नील-हरित शैवाल म्हणून ओळखले जाणारे हे जीव वस्तुतः जीवाणू असून मायक्रोसिस्टिस या एकाच वंशातील काही प्रकारांत विष घडवणारी जनुके असतात, काहींत नसतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात.

यांतील सर्वांत अभ्यासलेले विष म्हणजे मायक्रोसिस्टिन-एलआर. ते सात अमिनो आम्लांचे वलय असून पेशीतील पीपी१ आणि पीपी२ए ही फॉस्फेटेज विकरे (प्रथिनांवरील फॉस्फेट काढणारी) बंद पाडते. मात्र ते पेशीपटल आपोआप ओलांडत नाही. त्याला ओएटीपी नावाच्या वाहक प्रथिनांची गरज लागते, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली येथेच आहे. ही वाहके यकृतात विपुल असल्याने पहिला घाव तेथे बसतो. उंदरांवरील प्रयोगांत वृषणातील आदिशुक्रपेशी (ज्यांपासून शुक्राणू घडतात) आणि त्यांना पोसणाऱ्या सर्टोली पेशींतही हे विष शिरल्याचे दिसले आहे, तर टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींत ते शिरत नसून संप्रेरकाची घट मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या मार्गाने होते, असे काही अभ्यास सुचवतात. म्हणून हाताशी असलेल्या कोणत्याही पेशींवर विष ओतून ‘परिणाम नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी त्या पेशींत वाहक आहे का, हे तपासावे.

शुक्राणूंच्या हालचालीबाबत तर अधिकच सावध राहावे लागते. अधिवृषणाच्या (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू परिपक्व होतात त्या नलिकेच्या) आरंभीच्या भागातील, अजून न पोहणाऱ्या शुक्राणूंत हीच फॉस्फेटेज विकरे ओकाडाइक आम्लाने रोखली, तर ते हलू लागतात. हे आम्लही समुद्री शैवालाचेच विष आहे. उलट जिवंत प्राण्याला मायक्रोसिस्टिन बराच काळ दिल्यास शुक्राणूंची संख्या आणि गती घटते, कारण तेथे शुक्राणूंच्या घडणीचीच वीण उसवते. उंदरात ही घडण सुमारे ३५ दिवसांची असते, माणसात सुमारे ७४ दिवसांची. आठवडाभराच्या प्रयोगावरून तिच्याविषयी बोलणाऱ्या प्रबंधांवर माझा फारसा विश्वास बसत नाही.

मात्रा ठरवताना जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची लिटरला १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा डोळ्यांसमोर असावी, म्हणजे आपली मात्रा तिच्या किती पट आहे हे निदान स्वतःला तरी ठाऊक राहते. हे विष पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकला चिकटत असल्यामुळे विरल द्रावणे काचेच्या भांड्यांतच ठेवावीत. उकळल्याने ते नष्ट होत नाही, तेव्हा उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. प्राण्यांवर काम असेल तर नीती समितीचा अर्ज पहिल्या सत्रातच द्यावा. मंजुरीला वेळ लागतो, आणि तोवर निरोगी उंदराच्या शुक्राणूंची गती ३७ अंशांवर मोजण्याचा हात बसवून घेता येतो.