जुनी रेसिंग कार आणि आजची सेडान : तुलना करताना या चुका टाळा

साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा घेताना गाड्यांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "त्या जुन्या रेसिंग गाड्यांना आपली होंडा सिटीसुद्धा सहज मागे टाकेल." मीही कितीतरी वर्षं हेच धरून चाललो होतो. कारण मी नुसता अश्वशक्तीचा आकडा बघायचो. पहिली चूक हीच.

1924 साली शर्यतीत उतरलेली बुगाटी टाइप 35 घ्या. दोन लिटरचं इंजिन, एका ओळीत आठ सिलिंडर, ताकद सुमारे 90 अश्वशक्ती. सिटीचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन सुमारे 120 देतं. पण बुगाटीचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास, सिटीचं अकराशेच्या वर. भागाकार करून बघा : दर टनामागे बुगाटीला 120, तर सिटीला 110 च्याही आत. शंभर वर्षांपूर्वीची गाडी इथे पुढे निघते! म्हणून आधी वजन विचारा.

दुसरी चूक म्हणजे वेग बघायचा आणि थांबणं विसरायचं. यवतेश्वर घाट उतरताना सिटीत तुम्ही ब्रेक करकचून दाबलात तरी एबीएस चाकं लॉक होऊ देत नाही. बुगाटीचे ड्रम ब्रेक तारेने ओढले जातात, टायर अरुंद. तरी सिसिलीच्या डोंगरी रस्त्यांवरची टार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटीने 1925 ते 1929 अशी सलग पाच वर्षं जिंकली. समोरच्या गाड्याही त्याच काळातल्या होत्या, हे लक्षात ठेवा. तारेच्या ब्रेकची गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढत असेल, तर लगेच स्टिअरिंगवर संशय घेऊ नका. दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण सारखा आहे का, ते आधी बघा. टाइप 35 मध्ये ड्रम चाकातच ओतलेला असतो, त्यामुळे चाक काढलं की ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे भाग, थेट समोर दिसतात. मला ही रचना फार देखणी वाटते.

गिअर खरखरला की बॉक्स गेला, असंही समजू नका. बुगाटीच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना त्यांचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते. जुन्या गाड्यांवर ते डबल क्लच मारायचे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलकीशी रेस, पुन्हा क्लच आणि खालचा गिअर. हीच सवय इथे लागते. ती नसलेल्या माणसाला चालवायला बसवून शून्य ते शंभरचा वेळ मोजणं हा त्या गाडीवर अन्याय आहे.

आणि सगळ्यात आधी गाडी अस्सल आहे का ते बघा. फोक्सवॅगन बीटलच्या चासिसवर बुगाटीचं कवच चढवलेल्या प्रतिकृती पुष्कळ आहेत. पुढची घोड्याच्या नालेसारखी जाळी बघून भुलू नका, बॉनेट उघडायला सांगा. पुढे मोकळी जागा आणि इंजिन मागे असेल, तर तुम्ही सिटीची तुलना बीटलशी करताय.