मुरुमांवर अँटिबायोटिकच्या आधी काय करावं?

इंदूरला भंवरकुआंच्या कोचिंगला जाणाऱ्या मुलामुलींना मुरुमं आली की बरेचदा मेडिकलमधून क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकची ट्यूब आणली जाते आणि महिनोन्‌महिने एकटी तीच लावली जाते. अशानं जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. मुळात हा जिवाणू, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, निरोगी चेहऱ्यावरही असतो. तेल आणि मृत पेशींनी त्वचेचं छिद्र बुजलं की तो आत वाढतो आणि सूज येते. म्हणून आधी छिद्रं मोकळी ठेवायची.

१. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशनं, हलक्या हातानं धुवा. स्क्रब नको. रात्रभर डोक्याला खोबरेल ठेवलं तर ते कपाळावर उतरतं. न्हाण्याआधी तासभर लावलेलं पुरे.

२. टी ट्री तेल (टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल) ५ टक्के जेलच्या रूपात लावा. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर याची मुरुमांवरच्या नेहमीच्या औषधाशी, ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडशी, तुलना झाली. मुरुमं दोन्हींनी कमी झाली. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण त्याचे दुष्परिणाम कमी होते. निव्वळ तेल असेल तर एका थेंबात १९ थेंब जोजोबा तेल मिसळा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. खाज आली तर ते वापरूच नका. जुनी, बरेच दिवस उघडी राहिलेली बाटली टाकून द्या, कारण हवेनं बिघडलेल्या तेलाची ॲलर्जी जास्त होते. हे तेल पोटात गेलं तर विषारी असतं. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

३. ते सोसत नसेल तर ॲझेलेइक ॲसिड. हे गहू-जवातही असतं. ट्यूबमधलं मात्र कारखान्यात बनतं. जिवाणू आणि मुरुमांचे काळे डाग, दोन्हींवर चालतं. काळ्या-पांढऱ्या बारीक पुटकुळ्यांना २ टक्क्यांपर्यंतचं सॅलिसिलिक ॲसिड बरं. सगळं एकदम लावू नका. एकच निवडा आणि त्याला ८ ते १२ आठवडे द्या.

हळद आणि कडुनिंब प्रयोगशाळेत जिवाणू रोखतात, चेहऱ्यावरचा पुरावा तोकडा आहे. आजीचा लेप सोसत असेल तर खुशाल लावा. लिंबू, खायचा सोडा आणि टूथपेस्ट मात्र कधीच नको, त्वचा भाजते. आणि मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोरेपणाच्या क्रीमवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्यानं मुरुमं उलट वाढतात.

इंदूरच्या सराफा बाजारातली जिलेबी सोडायलाच हवी असं नाही. पण रोज गोड खाल्ल्यानं रक्तातली साखर झपाट्यानं चढते, आणि काहींची मुरुमं त्यानं भडकतात. महिनाभर कमी करून पाहा.

गाठी दुखत असतील, खड्डे पडत असतील किंवा मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी अँटिबायोटिक दिलंच, तर सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड लावायचं का, आणि किती आठवड्यांनी थांबायचं, हे तिथंच विचारून घ्या.