स्टुटगार्टमधली पहिली थंडी : नव्याने येणाऱ्यांसाठी

मास्टर्ससाठी मी पुण्याहून जर्मनीतल्या स्टुटगार्टला आले तेव्हा एपीएस (आपल्या पदवीच्या कागदांची पडताळणी), ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवलेलं खातं), विमा, सगळं चोख होतं. तोंडाने बोलल्याशिवाय इथे कोणी काही ओळखत नाही, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच रविवारी वर्गातल्या एका मुलीकडे गेले. "जेवतेस?" "नको, नको." आपल्याकडे खरं उत्तर तिसऱ्या आग्रहाला देतात. तिने "बरं" म्हणून स्वतःचं ताट वाढून घेतलं. परतताना दुकानं बंद, रविवारी ती बंदच असतात. तेव्हा वाईट वाटलं. पण तिने माझा शब्द खरा मानला होता. तेव्हा भूक असेल तर पहिल्यांदाच 'हो' म्हणा.

मग केअरवोखे. इमारतीचा जिना बिऱ्हाडांनी पाळीपाळीने झाडायचा-पुसायचा, ही इकडची जुनी पद्धत. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. मला ती पाटी कशाची हेच कळलं नाही. आठवडा संपताना शेजारच्या आजी दारात उभ्या. "तुम्ही जिना पुसला नाहीत." ना हसू, ना प्रस्तावना. रात्री मी रडले. दुसऱ्या दिवशी धीर करून त्यांनाच विचारलं, कसा पुसू? त्या बादली घेऊन आल्या. वरच्या पायरीपासून खाली, कठड्यावरूनही फडकं. तक्रार जिन्याची होती, माझी नव्हती. त्यानंतर दिसल्या की "ग्रुस गॉट", म्हणजे इकडचा नमस्कार, म्हणू लागल्या.

जर्मन भाषा आधीपासून शिका. आकडे मराठी माणसाला जवळचे वाटतात, एकवीससारखा एकं आधी, वीस नंतर. पण 'हाल्ब फिअर' (शब्दशः 'अर्धा चार') म्हणजे साडेचार नव्हे, साडेतीन! यात माझी प्राध्यापकांची भेट हुकली. आणि घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा, पुढची बरीच कामं त्यावर अडतात.

डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. पुण्यात तेव्हा रात्रीचे नऊ. मन फार खचलं तर विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे जा, मी गेले होते. आईला मात्र रोज "मजेत" सांगायचे. एका संध्याकाळी सांगून टाकलं, करमत नाहीये गं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "फोन ठेवू नकोस. मेथी निवडायला घेतलीय, तू बस समोर."