परदेशात घेतलेली पहिली जुनी गाडी: ट्यूनिंग स्वतः करून बघा

इथे आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेक जण जुनी गाडी घेतात. ती चालते, पण सकाळी सुरू होताना थोडी खोकते, सिग्नलला उभी असताना थरथरते, चढावर पिकअप घेत नाही. मग कोणीतरी सांगतं, "ट्यूनिंग करून घे." माझा आग्रह आहे की हे पहिलं ट्यूनिंग तुम्ही स्वतः करा. पैसे वाचतात हे खरं, पण माझं कारण वेगळं आहे. इथे तुमच्या ओळखीचा मेकॅनिक नाही, भाषेचाही सराव नाही. गॅरेजवाल्याने कशाचीही यादी पुढे केली तर ती खरी की खोटी हे ठरवायला तुमच्याकडे काहीच नसतं. माझ्या पहिल्या वर्षी एका गॅरेजने मला प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारे), कॉइल (प्लगला वीज देणारी) आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) सगळंच बदलायला सांगितलं आणि मी बदललं. जुने प्लग परत मागायचे असतात हेसुद्धा तेव्हा मला माहीत नव्हतं. ते मागितले असते तर निदान काय खराब होतं ते डोळ्यांनी दिसलं असतं.

आधी एक गैरसमज दूर करू. ट्यूनिंग म्हटलं की आपल्याला पॉइंट घासणं, कार्बुरेटरचा स्क्रू फिरवणं, टायमिंग लावणं आठवतं. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांत यातलं काही उरलेलं नाही. इंधन किती जावं आणि ठिणगी कधी पडावी हे कॉम्प्युटर ठरवतो. आपल्या हाती उरतात प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप असलेला भाग), नळ्या, बॅटरीची टोकं आणि ऑइल. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतातच, त्यामुळे प्लगचा भाग त्यांनी सोडून द्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी गाडीचं मॅन्युअल मिळवा. जुन्या मालकाने दिलं नसेल तर कंपनीच्या साइटवर बहुतेक वेळा सापडतं. प्लगचा नंबर, गॅप (प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती फट), ऑइलचा ग्रेड या गोष्टी त्यातूनच घ्या, शेजाऱ्याच्या अंदाजावरून नको. आणि घर भाड्याचं असेल तर करार वाचा. पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला अनेक ठिकाणी मनाई असते, ऑइल सांडलं तर डिपॉझिटवर येतं.

डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला असेल तर हत्यार उचलण्यापूर्वी कोड वाचा. स्टीअरिंगखाली ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचायची जोडणी, असतं. अमेरिकेत 1996 पासूनच्या सगळ्या मोटारींत आणि युरोपात 2001 पासूनच्या नव्या पेट्रोल मोटारींत ते आहे. छोटा स्कॅनर लावला की कोड दिसतो. पी0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (मिश्रण नीट न पेटणं), पी0302 म्हणजे दुसऱ्यात, आणि पी0300 म्हणजे मिसफायर एका सिलिंडरपुरता नाही. पी0171 म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. कोड रोगाचं नाव सांगत नाही, कुठे बघायचं ते सांगतो. दिवा नुसता न लागता लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं, आणि तो फार महागडा भाग आहे.

आता प्लग. इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं आणि नुकसानही इथेच होतं. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं राहिलेलं सगळ्यात उत्तम. हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचं असतं. गरम हेडमधून प्लग काढला तर आटे ओढून निघू शकतात, आणि आटे गेले की काम गॅरेजचंच. कॉइलचा कनेक्टर काढा, त्याची कडी जुनी झाल्यावर ठिसूळ होते, ओढाताण नको. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात हवा मारून माती उडवा, नाहीतर प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये पडते. जुन्या गाडीत प्लगच्या वायरी असतील तर एका वेळी एकच काढा, क्रम चुकला तर गाडी नीट सुरूच होणार नाही.

निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तो सिलिंडर नीट जळतोय. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी. ओली, तेलकट काळी असेल तर ऑइल आत शिरतंय, आणि नवा प्लग हा त्याचा उपाय नाही. पांढरा, फोड आलेला असेल तर तो प्रमाणाबाहेर तापलाय. चारपैकी तीन सारखे आणि एक वेगळा असेल तर तुमचा प्रश्न त्या एकाच सिलिंडरमध्ये आहे. हे पाहिलेला माणूस गॅरेजमध्ये वेगळ्या आत्मविश्वासाने बोलतो. म्हणून हे प्लग टाकू नका, फोटो काढून ठेवा.

नव्या प्लगचा गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. बहुतेक गाड्यांत तो 0.7 ते 1.1 मिलिमीटरच्या दरम्यान असतो, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. तिथे इंच लिहिले असतील तर 0.044 इंच म्हणजे सुमारे 1.1 मिलिमीटर. इरिडियमच्या प्लगला नाण्यासारखं गोल गेज लावू नका, त्याचं बारीक टोक मोडतं.

बसवताना रॅचेट बाजूला ठेवा. प्लग हाताने, नुसत्या सॉकेट आणि एक्स्टेन्शनने फिरवा. आधी हलकेच उलटा फिरवायचा, आटा जुळल्याचा टक् जाणवला की सरळ. दोन-तीन फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडलं तर परत काढा, जोर लावू नका. शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना. 14 मिलिमीटरच्या, वॉशर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर लागतं. रेंच नसेल तर वॉशर टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग असेल तर फक्त एक सोळांश फेरा, जेमतेम.

बाकीचं तुलनेने सोपं. एअर फिल्टर उजेडासमोर धरा, काळा किंवा पानांनी भरलेला असेल तर बदला. थ्रॉटल बॉडीवर काळा थर असेल तर त्यासाठीचाच क्लीनर कापडावर मारून पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका, आतले गिअर दुखावतात. एअर फ्लो सेन्सरला (आत जाणारी हवा मोजणाऱ्या भागाला) त्याचा वेगळा स्प्रे येतो, त्याच्या तारेला हात किंवा कापड लावायचं नाही. रबरी नळ्यांना चिरा पडल्यात का ते वाकवून बघा. इंजिन चालू असताना सूं असा आवाज येत असेल तर कुठेतरी हवा ओढली जातेय, पी0171 चं हे नेहमीचं कारण. बॅटरीचं टोक काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

टायमिंग बेल्टला, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टन यांची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याला, मात्र हात लावू नका. अनेक इंजिनांत तो एक दात जरी चुकला तरी व्हॉल्व पिस्टनवर आदळू शकतात. ऑइल बदलायला गाडी उचलावी लागत असेल तर नुसत्या जॅकवर तिच्याखाली कधीही जाऊ नका, खाली स्टँड लावलेच पाहिजेत. काढलेलं ऑइल गटारात ओतायचं नाही, झाकणाच्या डब्यात भरून ते घेणाऱ्या केंद्रावर द्या.

सगळं लावून झालं की इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं ऐका. थ्रॉटल पुसल्यावर आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) थोडा वेळ वरखाली होतो, तो बऱ्याचदा आपोआप बसतो. नाही बसला तर मॅन्युअलमधली आयडल शिकवण्याची पद्धत करा. पण गाडी जोरात थरथरली तर लगेच बंद करा आणि कॉइलचे कनेक्टर पुन्हा दाबून बघा. त्यातल्या एखाद्याची कडी नीट बसलेली नसण्याचीच शक्यता जास्त असते.