प्रादेशिक विमान कंपनीची ऑफर निवडताना या चुका टाळा

सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी) काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात, घरचे वाट पाहत असतात, आणि अशात एकाच आठवड्यात दोन कंपन्यांची पत्रे येतात. एक एटीआर 72 हे पंख्याचे (टर्बोप्रॉप) विमान उडवणारी, दुसरी एम्ब्रेअर जेट किंवा एखादे छोटे विमान उडवणारी. उत्तर द्यायला मुदत चार-पाच दिवसांची. मग पगाराचा आकडा आणि विमानाचे नाव एवढेच पाहून सही होते.

टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचे विमान उडवण्याची मान्यता) नसलेल्या, दोनशे-अडीचशे तासांच्या उमेदवाराने दोन्ही ऑफर एकाच प्रश्नावर घासून पाहाव्यात. तीन वर्षांनी लॉगबुकात किती आणि कसले तास असतील, आणि त्या दिवशी दुसरीकडे जायला आपण मोकळे असू का? खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्याने होतात.

विमाने मोजली, वैमानिक मोजले नाहीत

मुलाखतीत ‘ताफ्यात किती विमाने येणार’ हे सगळे विचारतात. त्याच विमानांवर फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) किती आहेत, हे फार थोडे जण विचारतात. तुमचे तास या दुसऱ्या आकड्यावर ठरतात.

हिशेब सोपा आहे. समजा कंपनीकडे तीन एटीआर आहेत. प्रत्येक विमान दिवसाला 9 ब्लॉक तास (जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ) उडते आणि देखभालीचे दिवस वजा जाता महिन्यातून 27 दिवस उडते. म्हणजे महिन्याचे 729 तास. फर्स्ट ऑफिसर 16 असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 45 तास. 26 असतील तर 28. एटीपीएलला (कॅप्टन होण्यासाठीच्या वरच्या लायसन्सला) एकूण 1500 तास लागतात. 200 तासांवर रुजू झालेल्याला उरलेले 1300 तास भरायला 16 जण असतील तिथे सव्वादोन-अडीच वर्षे लागतील, 26 असतील तिथे जवळजवळ चार. तीन विमानांपैकी एक इंजिनासाठी तीन महिने हँगरमध्ये पडले, तर दोन्हीकडचा आकडा एक तृतीयांशाने घसरतो, आणि लहान ताफ्यात हे वारंवार होते. शिवाय कमांड ट्रेनिंग (नव्या कॅप्टनचे प्रशिक्षण) चालू असले की उजव्या सीटवर प्रशिक्षक कॅप्टन बसतो आणि ते सेक्टर (उड्डाणे) फर्स्ट ऑफिसरच्या हातून जातात.

म्हणून एचआरला विचारण्याऐवजी तिथे सध्या लाइनवर असलेल्या, गेल्या वर्षभरात रिलीज झालेल्या (प्रशिक्षण संपून नियमित उड्डाणांवर आलेल्या) दोन फर्स्ट ऑफिसरांना विचारा: गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती तास उडालात? रिलीज व्हायला रुजू झाल्यापासून किती दिवस लागले? शेवटच्या बॅचमधले किती जण अजून सिम्युलेटर स्लॉटची वाट पाहत आहेत? दोघांची उत्तरे जुळली तर तोच खरा आकडा धरा.

रात्रीचे तास वेगळे विचारा. एटीपीएलसाठी रात्रीचे 100 तासही लागतात. लहान विमानतळांचे कामकाज बरेचदा दिवसापुरतेच असते, आणि अशा नेटवर्कवर 1500 तास पूर्ण होऊनही रात्रीच्या तासांवर घोडे अडते.

विमानाच्या नावाला भुलणे

‘जेट मिळतेय, टर्बोप्रॉप कशाला?’ हा विचार अर्धवट आहे. आखाती आणि इतर परदेशी कंपन्या बरेचदा ठरावीक वजनाच्या वरचे जेट तास मागतात, हे खरे. त्यामुळे स्टार एअरसारख्या कंपनीत एम्ब्रेअर ई-175 वर मिळालेल्या तासांना बाहेर वजन आहे. पण त्याच कंपनीकडे ईआरजे-145 ही विमानेही आहेत, आणि दोन्हींचे टाइप रेटिंग वेगळे. ऑफर कोणत्या विमानासाठी आहे हे पत्रात लिहिलेले नसेल, तर ते आधी लिहून मागा.

एटीआर 42 आणि 72 चे रेटिंग एकच. अलायन्स एअर, इंडिगोचा एटीआर ताफा आणि गोव्यातल्या मोपाहून 2024 मध्ये सुरू झालेली फ्लाय91 मिळून देशात एटीआरवाल्याला एकाहून अधिक दारे आहेत. एम्ब्रेअरवाल्याला तेवढी नाहीत. एक कंपनी बंद पडली तर दुसरीकडे तेच रेटिंग चालेल का, हा विचार जेट-टर्बोप्रॉपच्या वादाइतकाच महत्त्वाचा आहे.

सर्वांत कमी चर्चा होते ती छोट्या विमानांची. सेसना कॅराव्हॅन, ट्विन ऑटर, डॉर्निअर 228 ही विमाने एका वैमानिकाने उडवण्यासाठीही प्रमाणित आहेत. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) अनेक्स 1 नुसार अशा विमानावर नियमापुरते बसवलेल्या को-पायलटचे तास वरच्या लायसन्ससाठी जास्तीत जास्त 50 टक्केच धरले जातात. विमान दोन वैमानिकांसाठी सुसज्ज असेल आणि कामकाज मल्टी-क्रू पद्धतीने होत असेल, तरच त्या देशाचे नियामक पूर्ण तास धरू शकतात. या कंपनीतले तास डीजीसीए (आपल्याकडचे विमान वाहतूक नियामक) एटीपीएलसाठी कसे धरते, आणि आजवर इथून किती जणांना या तासांवर एटीपीएल मिळाले, हे सहीच्या आधी लेखी विचारा. उत्तर गोलमोल आले तर वरच्या हिशेबात ते तास अर्धेच मांडा.

एअरबस ए320 चे रेटिंग स्वखर्चाने करून बसलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की एटीआरवर उडून ते रेटिंग चालू राहत नाही. परत एअरबसवर जाताना सिम्युलेटर आणि चेकचा खर्च पुन्हा येतो. कंपनीच्या आतच एटीआरवरून एअरबसवर जाण्याची सोय असेल, तर ती ज्येष्ठतेने मिळते की कंपनीच्या गरजेप्रमाणे, आणि त्या वेळी नवा बाँड (मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) लागतो का, हे विचारा.

बाँडची रक्कम वाचली, कलमे वाचली नाहीत

इथे चूक झाली तर ती वर्षानुवर्षे भोवते. बाँड 15 लाखांचा की 25 लाखांचा यापेक्षा पुढच्या गोष्टी अधिक महाग पडतात.

पहिली म्हणजे मुदत कधीपासून मोजायची. रुजू झाल्यापासून, रेटिंग लायसन्सवर चढल्यापासून की लाइन रिलीजपासून? तीन वर्षांचा बाँड रिलीजपासून मोजला आणि रिलीजला दहा महिने लागले, तर तो तीन वर्षे दहा महिन्यांचा झाला, आणि या विलंबात तुमचा काहीच दोष नसतो. ‘रुजू तारखेपासून, किंवा प्रशिक्षण कंपनीमुळे लांबल्यास मूळ नियोजित तारखेपासून’ असे वाक्य घालून मागा. सगळेच ऐकतात असे नाही, पण मागितल्याशिवाय कोणीच देत नाही.

दुसरी म्हणजे रक्कम दर महिन्याला घटते का. 36 महिन्यांचा 18 लाखांचा बाँड प्रमाणात घटत असेल, तर 30 व्या महिन्यात तीन लाख उरतात. घटत नसेल तर 35 व्या महिन्यातही 18 लाखच.

तिसरी म्हणजे बाँडवर बाँड. कमांड अपग्रेड, नवे रेटिंग, कधी कधी बेस बदलतानाही नवा बाँड घेतात. तो जुन्यासोबत चालेल की जुना संपल्यावर सुरू होईल, हे लिहिलेले हवे.

आणि चेक. तारीख न घातलेले कोरे चेक देऊ नका. चेक परत गेला तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार होते, आणि नोकरीचा वाद तिथे जाऊन अडकतो. चेक द्यावेच लागले तर रक्कम आणि तारीख भरून द्या, क्रमांकांची पोच लेखी घ्या, आणि बाँड जसा घटेल तसे कोणते चेक कधी परत मिळतील ते करारात नोंदवा.

‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका. नोकरी चालू असतानाच्या मुदतीपुरते असे बंधन व्यवसायाला मज्जाव करणारे ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात म्हटले आहे. मात्र करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते आणि भरपाई वाजवी असावी लागते. म्हणून रेटिंगवर प्रत्यक्ष किती खर्च झाला याचा तपशील मागून ठेवा. नोकरी सोडताना बाँडच्या वसुलीवर 18 टक्के जीएसटी लावला गेला, तर केंद्राचे ऑगस्ट 2022 चे परिपत्रक दाखवा. बाँडची आणि नोटीशीऐवजीची वसुली ही करपात्र सेवा नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे.

बाँड फेडला म्हणजे सुटलो, हा समज

बाँड आणि नोटीस पिरियड या दोन वेगळ्या गोष्टी. डीजीसीएच्या 2017 च्या नियमाप्रमाणे फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष नोटीस आहे. कंपनीने आधी एनओसी दिली तरच ती कमी होते. पैसे भरून आज सोडतो, असे चालत नाही. 2023 मध्ये अकासा एअरमधून 43 वैमानिक नोटीस न भरता गेले आणि प्रकरण मुंबई व दिल्ली उच्च न्यायालयांपर्यंत पोहोचले. जिथे जायचे ती कंपनी सहा महिने थांबेल का, हे राजीनाम्याच्या आधी विचारायचे असते.

पगाराचा वरचा आकडा

एक ऑफर 70 तासांच्या हमीसह 1,60,000 रुपये, उडा किंवा न उडा. दुसरी 90,000 अधिक उडालेल्या तासाला 2,000. दुसरीत 50 तास उडालात तर 1,90,000 होतात आणि एचआर हाच आकडा सांगतो. 28 तासांना 1,46,000 होतात. पावसाळ्यात कोकणात किंवा ईशान्येत सेक्टर रद्द होऊन 15 तास झाले, तर 1,20,000. कर्जाचा हप्ता या शेवटच्या आकड्यातून जाईल का, ते पाहा. प्रशिक्षणाच्या काळात पगार आहे की नुसता स्टायपेंड, आणि सिम्युलेटरसाठी बाहेरगावी ठेवले तर राहण्याचा खर्च कोणाचा, तेही विचारा. मेडिकल अनफिट झाल्यास किती महिने पगार मिळेल आणि लायसन्स गेल्यास विमा आहे का, हे पंचविशीत कोणी विचारत नाही. विचारा.

कंपनीची तब्येत न तपासणे

महाराष्ट्राने हे जवळून पाहिले आहे. उडान या प्रादेशिक विमानसेवेच्या अनुदान योजनेखाली एअर डेक्कनने 2017 च्या अखेरीस मुंबई-जळगावसारखे मार्ग सुरू केले आणि 2020 मध्ये काम थांबवले. नांदेड, कोल्हापूर, जळगाव जोडणारी ट्रूजेट 2022 मध्ये बंद झाली. उडानचे अनुदान आणि मार्गावरची मक्तेदारी तीन वर्षांची असते. कॅगच्या 2023 च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, 112 नी तीन वर्षे पूर्ण केली, आणि त्यानंतरही 54 च टिकले. कंपनीचे किती मार्ग अनुदानावर आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, हे पाहिल्याशिवाय ‘आमचे नेटवर्क वाढतेय’ या वाक्याला अर्थ नाही.

घरी बसून करता येण्यासारख्या तीन तपासण्या आहेत. ईपीएफओच्या संकेतस्थळावर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’मध्ये कंपनीचे नाव टाका. कोणत्या महिन्याचा पीएफ कोणत्या तारखेला भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा, ते दिसते. पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. सलग दोन-तीन महिने उशीर आणि घटणारी कर्मचारीसंख्या दिसली, तर पगारही थकायला लागले आहेत का ते तिथल्यांना विचारा. दुसरी, डीजीसीएच्या संकेतस्थळावर आयडेराखाली (विमान परत नेण्यासाठी मालकाला दिलेल्या अधिकारपत्राखाली) विमानांची नोंदणी रद्द करण्याचे अर्ज प्रसिद्ध होतात. त्यात या कंपनीची विमाने असतील तर भाडे थकले असण्याची शक्यता धरा, आणि विमानांवरच्या मालकी हक्कांच्या 2025 च्या कायद्यानंतर मालकांना विमान परत नेणे आणखी सोपे झाले आहे. तिसरी, डीजीसीएची मासिक आकडेवारी: प्रवासीसंख्या आणि रद्द उड्डाणे सहा महिन्यांची शेजारी-शेजारी मांडा.

सरकारी मालकी म्हणजे कायम नोकरी, असेही नाही. अलायन्स एअर सरकारी असली तरी मुदतीच्या करारावर नेमणुका करते. जाहिरात नीट वाचा.

सही झाली आहे आणि आता अडले आहे

रिलीज होत नसेल तर दर महिन्याला ट्रेनिंग विभागाला ईमेल करून पुढची तारीख मागा. फोनवरच्या आश्वासनाचा पुढे उपयोग नसतो. बाँडची मुदत कधीपासून मोजायची यावर वाद झाला, तर हीच पत्रे कामी येतात.

बेस अचानक बदलला तर आधी नेमणूकपत्रातले ‘कोठेही’ हे कलम पाहा. ते असेल तर भांडण्यापेक्षा स्थलांतराचा भत्ता आणि परतीची तारीख लेखी मागणे फलदायी ठरते.

पगार थकला म्हणून ड्यूटीवर जाणे बंद करू नका. गैरहजेरी लागली की करारभंग तुमच्याकडून झाला असे दिसते. थकबाकीचे लेखी स्मरणपत्र द्या, फॉर्म 26एएसमध्ये टीडीएस जमा होतोय का पाहा, पीएफची तक्रार ईपीएफओच्या पोर्टलवर नोंदवा, आणि दोन महिने थकले की राजीनामा देऊन नोटीशीचे घड्याळ सुरू करा.

आणि डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवरच्या ई-लॉगबुकातले तास दर महिन्याला कंपनीकडून मंजूर करून घ्या. कंपनी चालू आहे तोवर हे काम एका क्लिकचे आहे. बंद पडल्यावर मंजुरी देणारा अधिकारीच जागेवर नसतो, आणि प्रत्यक्ष उडवलेले शेकडो तास पुढच्या कंपनीसमोर सिद्ध करता येत नाहीत. रोस्टर आणि टेक-लॉगच्या (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीच्या) प्रतीही कंपनीची परवानगी असेल तिथवर स्वतःकडे ठेवा.