गणपतीच्या जागरणाआधी एक पत्ता बदलायला शिकताना

कॅटचा समोरचा पत्ता, वरून हात फिरला की दुसराच. याला जादूवाले कलर चेंज म्हणतात. आषाढी एकादशीला हात घातला तर गणपतीपर्यंत साधारण पावणेदोन महिने मिळतात आणि ते पुरतात.

आधी कॅट. घरात मेंढीकोटाला वापरतात तो पूर्ण प्लॅस्टिकचा कॅट यासाठी बाद, फार घसरतो. कागदी घ्या आणि दोन घ्या, कारण ठाण्याच्या पावसाळ्यात कागद दमट हवा पितो, पत्ते फुगतात आणि मग एक ढकलला की दोन निघतात. माझा कॅट जुलैभर झाकणाच्या डब्यात असतो, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. पोकर साइजचा पत्ता सुमारे ६३ मिलिमीटर रुंद, ब्रिजचा ५७. तळवा लहान असेल तर ब्रिज घ्यायला लाजू नका, सहा मिलिमीटरमध्ये बराच पत्ता झाकला जातो. आणि मामलेदारची मिसळ खाऊन थेट सरावाला बसायचं नाही. हात साबणाने धुवायचे, फार कोरडे पडले तर ग्लिसरीनचा एक थेंब.

मग पकड. कॅट डाव्या हातात आडवा, चित्रं लोकांकडे, अंगठा वरच्या लांब कडेवर, मधलं बोट, अनामिका, करंगळी खालच्या कडेवर. तर्जनी मागे दुमडलेली. सगळं काम तीच करते: सर्वांत मागचा एकच पत्ता उजवीकडे सरकवते, तो उजव्या तळव्यात बसतो, आणि तो हात समोरून फिरताना पत्ता कॅटच्या चेहऱ्यावर, म्हणजे सर्वांत पुढच्या पत्त्यावर, ठेवून येतो. पहिले दोन आठवडे फक्त तर्जनी. उजवा हात बांधून ठेवलात तरी चालेल. टीव्ही बघताना, स्लो लोकलमध्ये खिडकी मिळाली तर मांडीवर (चौथ्या सीटवर नको, तिथे मुळात बसायचीच मारामार). कॅट डोळ्यांनी न बघता बरोबर एक पत्ता हलायला लागला की पुढे.

तळव्यात पत्ता आला की हात लाकडासारखा ताठ होतो, सगळ्यांचाच होतो. म्हणून त्या हाताने काहीतरी करा: चष्मा वर सारा, चहाच्या कपाकडे बोट दाखवा. बोटं एकमेकांना चिकटलेली हवीत, नाहीतर मधल्या फटींतून पत्ता डोकावतो. आरशावर फार विसंबू नका. नेमक्या क्षणी आपण स्वतःच डोळे मिटतो आणि मग सगळं सुंदर दिसतं. मोबाइल बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर टेकवून व्हिडिओ काढा. त्यात डोळे मिटलेलेही दिसतात.

कुठला पत्ता कशात बदलायचा हेही ठरवून ठेवा. किलवरची नव्वी जाऊन किलवरची दश्शी आली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चौकटची दुर्री जाऊन इस्पिकचा राजा यायला हवा. आधी दुर्रीचं नाव मोठ्याने घ्या, शक्यतो समोरच्याकडून वदवून घ्या. हात रिकामा आहे असं तोंडाने सांगू नका, सांगितलं की संशय येतो. मागचा पत्ता चोरायचा तो तुम्ही काही विचारलंय आणि समोरचा तुमच्या तोंडाकडे बघतोय तेव्हा. हात फिरतो त्या वेळी चोरी कधीच उरकलेली असते. बदलल्यावर हात झटकून पळवू नका. आता तो खरोखर रिकामा आहे, सावकाश दिसू दे.

बसायची जागा मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा. उजव्या बाजूला कुणी नको, मागे तर नकोच. तलावपाळीच्या कट्ट्यावर चारी बाजूंनी माणसं जमतात, तिथे हा प्रयोग करायचाच नाही. गेल्या वर्षी आत्याकडे नौपाड्यात मी उजवी बाजू मोकळी ठेवली, पाठ भिंतीला लावली, आणि उजव्या भिंतीवरचा बंद टीव्ही विसरलो. भाचा समोर बसून शांतपणे म्हणाला, "मामा, टीव्हीत दिसतंय." तेव्हापासून काळी काच दिसली की तिच्यावर टॉवेल टाकतो.

"परत कर" म्हणतील. करू नका. प्रसिद्ध जादूगार हुडिनी म्हणे, जादू तीनदा दाखवली की मी पकडतो. १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन या पत्त्यांच्या जादूगाराने त्याला पत्त्यांचा एकच खेळ पुन्हापुन्हा दाखवला आणि हुडिनीला तो कळला नाही. पण तो व्हर्नन होता. आपण लगेच कॅट पिसायला द्यायचा.

देण्याआधी बावन्न मोजा. एकदा गडबडीत बदामाची दश्शी माझ्याच सदऱ्याच्या खिशात राहिली होती. पहाटे दोनला मेंढीकोटाच्या डावात तीनच मेंढ्या (म्हणजे दश्श्या) निघाल्या आणि काका आत्यावर ओरडायला लागले तेव्हा मला ती आठवली.