रिकव्हरीतली पहिली पंधरा मिनिटं

रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंटला शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या खोलीत, पोस्टिंग लागली की नव्या नर्स मुलींना हायसं वाटतं. ऑपरेशन तर उरकलंय, आता पेशंट शुद्धीवर यायची वाट बघायची, बस! मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात पित्ताशय काढलेल्या एक स्थूल मावशी ऑपरेशन थिएटरमधून घोरतच बाहेर आल्या. थोड्या वेळानं घोरणं थांबलं. मॉनिटरवर ऑक्सिजन ९८. वाटलं, शांत झोपल्या. पलीकडच्या बेडवरून सीनियर सिस्टर धावत आल्या. मॉनिटरकडे त्यांनी बघितलंही नाही. मास्कवर वाफ धरत नव्हती. पोट वर येत होतं आणि छाती आत ओढली जात होती. त्यांनी दोन्ही हातांनी जबडा मागून पुढे उचलला. घर्र आवाज झाला, मास्क वाफेनं पांढरा झाला. जीभ मागे पडून श्वास अडला होता. मास्कमधून ऑक्सिजन चालू असला की श्वास अडूनही आकडा लगेच पडत नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हणून बीपी-नाडी पाच-पाच मिनिटांनी लिहाच, पण डोळे छातीवर ठेवा.

भूलतज्ज्ञ घाईत असले तरी विचारून घ्या: फेंटानिल, म्हणजे वेदना थांबवणारं जोरदार औषध, शेवटचं कधी दिलं? स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा उतारा दिला का? त्या सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उरला असेल तर पेशंट डोळे उघडतो, पण पाण्याबाहेरच्या मासळीसारखा तडफडतो. उशीवरून डोकं पाच सेकंद उचलून धरायला सांगा. जमलं म्हणजे सगळं ठीक असं नाही. नाही जमलं तर मात्र तिथूनच हाक मारा.

उलटी येतेयसं वाटलं की लगेच कुशीवर वळवा, तोंडातलं ओढून घेणारं सक्शन हाताशी हवंच. थंडीनं दात वाजत असतील तर गरम ब्लँकेट. लहान मुलं जागी होताना आकांत करतात, आईलाही ओळखत नाहीत. तरी तिला आत घ्या.

पेशंट वॉर्डात न्यायला तयार आहे का हे ठरवणारा अल्ड्रेट स्कोअर १९७० पासून वापरात आहे. हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध, ऑक्सिजन, प्रत्येकी दोन गुण; साधारण नऊ झाले की वॉर्डात. दारात पुढची केस उभी असली की दहा लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. मीही एकदा लिहिले होते, आणि ओरडाही खाल्ला.

त्या मावशींनी जाग्या झाल्यावर विचारलं, “ऑपरेशन कधी करणार गं?” म्हटलं, “झालं की, मावशी!” पाच मिनिटांनी पुन्हा तेच.